सरकारी रेडिओवर देव: गीतरामायण ते मोबाइलवरची आरती

आजचा भाग जरा वादाचा आहे, त्यामुळे कणकवलीच्या स्टँडवर किंवा कोकणकन्येच्या वरच्या बर्थवर, जिथे कुठे ऐकत असाल तिथे शेजाऱ्याशी भांडू नका. निदान भाग संपेपर्यंत तरी नको.

मार्च २०२४ मध्ये दूरदर्शननं अयोध्येतल्या राममंदिरातली सकाळची आरती रोज थेट दाखवायला सुरुवात केली. त्यावर दोन तट पडले. एक म्हणतो, देश आपला, चॅनल आपलं, राम आपला, मग अडचण काय? दुसरा म्हणतो, सरकारी पैशावर चालणाऱ्या चॅनलला हे शोभत नाही, संविधान वाचा. दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट गृहीत असते, की हे आत्ता नव्यानं सुरू झालंय. तसं नाहीये. सरकारी माइकवर राम यायला आता जवळपास सत्तर वर्षं झाली, आणि तो पहिल्यांदा धडाक्यात आला तो मराठीतून, पुण्याहून.

१ एप्रिल १९५५, शुक्रवार. रामनवमी. सकाळी पावणेनऊच्या सुमारास आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायणातलं पहिलं गाणं गेलं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल सुधीर फडक्यांची, आणि मूळ कल्पना केंद्रावरच्या सीताकांत लाड यांची. दर शुक्रवारी नवं गाणं यायचं आणि शनिवार-रविवारी तेच पुन्हा वाजायचं. वर्षाचे आठवडे बावन्न, पण त्या वर्षी अधिक मास आला आणि रामनवमी पुढे सरकली, म्हणून गाणी झाली छप्पन्न. १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीला मालिका संपली. मला हा तपशील फार आवडतो. पंचांगातल्या एका जादा महिन्यामुळे सरकारी केंद्राचं वेळापत्रक वाढलं, आणि आपल्याला चार गाणी जास्त मिळाली!

तेव्हा संविधान लागू होऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती. रेडिओ ऐकायला लायसन्स लागायचं, ते पैसे पोस्टात भरावे लागायचे. म्हणजे हा सरळ सरळ जनतेच्या पैशाचा मामला. आणि अनुच्छेद २७ काय सांगतो? एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कुणालाही कर भरायला भाग पाडता येणार नाही. मग आकाशवाणीनं वर्षभर रामायण कसं लावलं?

याचं उत्तर धर्मात कमी आणि सिनेमात जास्त सापडतं. त्या वेळचे माहिती आणि प्रसारण मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, मराठी माणूस. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं ते त्या खात्यावर होते. त्यांना सिनेमाची गाणी सवंग वाटायची. आकाशवाणीवर ती जवळजवळ बंदच झाली आणि लोकांनी सुया फिरवून रेडिओ सिलोन धरलं. हातातून गेलेला श्रोता परत आणायचा तर केंद्रांना स्वतःची गाणी तयार करणं भाग होतं. सुगम संगीत हा प्रकार आकाशवाणीवर फुलला तो या गरजेतून. गीतरामायणही त्याच रोपाचं फळ. केंद्राच्या हिशेबात ते धार्मिक प्रवचन नव्हतंच. उत्तम कवी, उत्तम संगीतकार, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, ललिता फडके अशी गाणारी माणसं आणि घराघरात ठाऊक असलेली गोष्ट, असा तो कार्यक्रम. दर आठवड्याला नवं गाणं वाजलं की वर्तमानपत्रं ते छापायची. १९५७ मध्ये तर केंद्र सरकारच्याच प्रकाशन विभागानं पुस्तक काढलं.

माडगूळकरांनी त्यात एक गंमत केलीय. रामाची कथा सांगायला कुणी महाराज नाहीत की कीर्तनकार बुवा नाहीत. कुश आणि लव ही दोन मुलं भर दरबारात गातात, आणि समोर बसलेला राम स्वतःचीच गोष्ट ऐकतो. पुढे प्रत्येक पात्र आपापल्या तोंडानं बोलतं. कैकेयीवर चिडलेला भरत आहे, शूर्पणखा आहे, गंगा ओलांडून नेणारे नावाडी आहेत. त्या नावाड्यांच्या समूहगानावर आमच्या मालवणात मासेमारीवाल्या घरांतली माणसं आजही ताल धरतात. त्यांना त्यात वल्हं दिसतं. देव नंतर.

माझ्या आजीनं गीतरामायण ऐकलं ते त्या मूळ वर्षात नव्हे, पुष्कळ नंतर, पुनःप्रक्षेपणात. ती सांगायची, ‘वाडयेत एकच रेडिओ होतो, सगळी खळ्यात बसान आयकत.’ त्या ‘सगळी’मध्ये शेजारची ख्रिस्ती मावशीही होती. ती सुपात तांदूळ निवडत बसायची. तिला कुणी मुद्दाम बोलावलेलं नसायचं आणि ऊठ असंही कुणी म्हणायचं नाही. आवाज वईपलीकडे जायचाच. आणि रविवारी तोच रेडिओ पणजी केंद्राकडे वळवला की कोकणी ख्रिस्ती भक्तिगीतं आमच्या खळ्यात यायची. आजीला त्यातल्या दोन-तीन चाली पाठ होत्या, अर्थ बहुतेक कळत नसावा.

याच १९५५ सालात आमच्या भागात दुसरंही काही चाललं होतं. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, तो १ मे १९८१ ला झाला. मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी हे सगळं रत्नागिरीत. तेरेखोलच्या खाडीपलीकडे पोर्तुगालचं राज्य होतं. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. त्यानंतर नोव्हेंबरात आंबोलीच्या जंगलात एक छुपं रेडिओ केंद्र सुरू झालं. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ही त्यामागची मुख्य माणसं. एक हिंदू, एक ख्रिस्ती. कोकणी आणि पोर्तुगीजमधून ती गोव्याला स्वातंत्र्याच्या बातम्या सांगत. पणजीत पोर्तुगीज सरकारचं स्वतःचं केंद्र होतं, एमिसोरा द गोवा. आणि सालाझारच्या सरकारचा दावा काय, तर गोवा कॅथलिक आहे, पाश्चात्त्य आहे, म्हणून तो पोर्तुगालचा. म्हणजे राज्यानं धर्माचा झेंडा हातात घेतला की काय होतं, ते आमच्या सीमेवर लोक प्रत्यक्ष पाहत होते. अलीकडच्या देशानं वेगळं वागायचं ठरवलं होतं, आणि त्याच देशाच्या पुणे केंद्रावर तेव्हा वनवासाची गाणी चालू होती. मला यात विसंगती वाटत नाही. पुणे केंद्र कुणाला सांगत नव्हतं की राम तुमचा आहे म्हणून तुम्ही भारताचे.

बाहेरच्या देशांत काय आहे, तेही पटकन बघू. बीबीसीवर १९२८ पासून रोजची ख्रिस्ती प्रार्थना आहे. पण ब्रिटनला अधिकृत चर्चच आहे, तेव्हा ते उदाहरण आपल्या कामाचं नाही. फ्रान्सचं जास्त कामाचं. १९०५ च्या कायद्यानं त्यांनी चर्च आणि राज्य यांची कडक फारकत केली, तरी रविवारी सकाळी त्यांच्या सरकारी टीव्हीवर धार्मिक कार्यक्रम असतात. कॅथलिकांसोबत बौद्ध, मुस्लिम, ज्यू, प्रोटेस्टंट, ऑर्थोडॉक्स अशा सगळ्यांना आपापली वेळ ठरवून दिलेली. त्यांनी धर्म लपवला नाही. पाळी लावून दिली, आपल्याकडे विहिरीवर लावायचे तशी.

आता आपलं १९८७. २५ जानेवारीला रामानंद सागर यांचं ‘रामायण’ सुरू झालं. रविवारी सकाळी साडेनऊ. रस्ते ओस पडायचे, लोक टीव्हीला हार घालायचे, अगरबत्ती लावायचे. तेव्हाचे लहान आता पन्नाशीत आहेत, विचारून बघा. गीतरामायणासाठी रेडिओला कुणी हार घातल्याचं मी ऐकलेलं नाही. गाण्यात आवाज असतो, चेहरा तुम्ही मनात काढता. पडद्यावर चेहरा तयार येतो आणि देशभर तोच एक चेहरा पोचतो. चॅनलही तेव्हा एकच. राजकीय पक्षांना या गोष्टीची किंमत लगेच कळली. १९८८ च्या अलाहाबाद पोटनिवडणुकीत काँग्रेसनं प्रचाराला अरुण गोविल यांना आणलं. १९९१ मध्ये भाजपच्या तिकिटावर बडोद्यातून सीता आणि साबरकांठातून रावण, म्हणजे दीपिका चिखलिया आणि अरविंद त्रिवेदी, दोघंही लोकसभेत पोचले. अरविंद राजगोपाल यांनी या सगळ्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलंय, टीव्हीनं राजकारण कसं बदललं यावर.

पण त्या मालिकेतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट कुणी सांगत नाही. १९८८ मध्ये मालिका राज्याभिषेकावर संपणार होती. तेव्हा उत्तर भारतात वाल्मीकी समाजातले सफाई कामगार संपावर गेले. त्यांचं म्हणणं, ज्यांच्या नावाची ही कथा, ते वाल्मीकी ऋषी तर उत्तरकांडात आहेत, आश्रमात सीतेला आसरा देणारे. तो भाग गाळून कसा चालेल? शहरांत कचरा साठला, सरकार हललं, आणि पुढे लव-कुशाची मालिका आली. ही नुसती भक्ती नव्हती. सरकारी चॅनलवर काय दाखवायचं यात आमचाही वाटा आहे, असं सांगणारा हा संप होता. संविधानाची भाषा कुणी काढो न काढो, मागणी त्याच जातकुळीची.

आता माझं मत. मला खुपते ती एक जुनी सवय, आणि ती आरतीच्या आधीपासूनची आहे. बहुसंख्यांचा धर्म सरकारी दप्तरात ‘संस्कृती’ या फायलीत जातो, आणि बाकीच्यांचा ‘धर्म’ या फायलीत. भूपाळी ही परंपरा, अभंग हे संतसाहित्य, आमचं दशावतार ही लोककला. दशावताराला मी लोककला म्हणतोच, संकासूर आल्यावर पोट धरून हसलोय मी. पण ते देवळाच्या जत्रेत, देवासमोर, नवसाच्या गर्दीत रात्रभर होतं, हेही खरं आहे ना? मग नाताळचं कोकणी गाणं किंवा रमजानमधली नात तेवढी ‘धार्मिक कार्यक्रम’ का? तीही आमच्याच किनाऱ्यावर, त्याच मासळीबाजारात भेटणाऱ्या माणसांची. फाइल वेगळी झाली की वेळ कमी मिळते, सणापुरती मिळते. बजेटचं तर विचारू नका.

म्हणून गीतरामायण आणि रोजची आरती यांत मी फरक करतो. एकात आकाशवाणीनं स्वतः काही घडवलं, आणि ते वईपलीकडच्या मावशीलाही ऐकावंसं वाटलं. दुसऱ्यात एका मंदिरातली पूजा कॅमेऱ्यानं जशीच्या तशी पुढे पाठवली जाते. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्या आरतीनं बरं वाटतं, हे मी नाकारत नाही. आमच्याच घरात पाहिलंय. फक्त ती आरती आज यूट्यूबवर आहे, चार खाजगी भक्तीच्या चॅनलांवर आहे. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रासुद्धा लालबागला बसलेला चाकरमानी मोबाइलवर बघतो. तुमच्या देवाचं तुम्हाला दाखवायला आता सरकारची गरज उरलेली नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ‘रामायण’ पुन्हा लागलं, आणि १६ एप्रिलला ७ कोटी ७० लाख लोकांनी ते पाहिल्याचं दूरदर्शननं जाहीर केलं. आकडा मोठा आहे. पण तेव्हा सगळे घरात कोंडलेले होते, तेही धरायला हवं.

मोबाइल एक गोष्ट करत नाही. शेजाऱ्याचं गाणं तो तुमच्या कानावर पडू देत नाही. तुम्ही दोन भजनं ऐकलीत की तो तिसरं भजनच देतो. आजीच्या खळ्यातला रेडिओ असा नव्हता, तो सगळ्यांच्यात घुसायचा. ओरोसला आज आकाशवाणीचं सिंधुदुर्ग केंद्र आहे. तिथून मालवण कसालमार्गे तासाभराच्या आत. पाडव्याला मालवणात रामेश्वराची पालखी निघते, नाताळात चर्चमध्ये कोकणी गाणी होतात, बंदरावरच्या मुस्लिम घरांत ईदला शेवयांची खीर असते आणि ती हिंदू घरांतही येते. एक माइक, एक रेकॉर्डर आणि एसटीचं तिकीट, एवढ्यात वर्षभराची मालिका होते. बावन्न भाग. अधिक मास आला तर छप्पन्न.

कोणी त्या केंद्रावर काम करत असाल आणि हे ऐकत असाल, तर मी फुकट यायला तयार आहे.

पुढच्या भागात आंबोलीच्या त्या छुप्या रेडिओची गोष्ट सविस्तर घेऊ. येतो मग.