साथरोगांचा काळ आणि जीवनसमाधान : अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
जीवनसमाधान म्हणजे व्यक्तीने स्वतःच्या जीवनाचे केलेले एकंदर मूल्यमापन होय. मानसशास्त्रज्ञ एड डीनर व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये त्यासाठी पाच विधानांची मापनश्रेणी मांडली. त्यापूर्वीच्या काळातील समाधानाचा मागोवा मात्र लोकांच्या वर्तनातूनच घ्यावा लागतो. प्रस्तुत लेखात अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या संदर्भात हा विचार केला आहे.

पूर्वपीठिका :
१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला व १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. शेजारच्या पुण्यात लष्करामार्फत झालेल्या घरझडत्यांमुळे लोकांना रोगापेक्षा उपाययोजनाच अधिक जाचक वाटली. २२ जून १८९७ रोजी झालेला रँडवरील हल्ला ही त्या असंतोषाची परिणती होती.

याउलट चित्र शिर्डीत दिसते. गोविंद रघुनाथ दाभोलकर यांच्या श्रीसाईसच्चरितातील पहिल्या अध्यायानुसार, महामारीच्या वेळी साईबाबांनी जात्यावर गहू दळले. गावातील चार स्त्रियांनी पुढे होऊन दळण पूर्ण केले आणि ते पीठ गावाच्या शिवेवर टाकले. वैद्यकीयदृष्ट्या हा उपचार नव्हे. तथापि भयग्रस्त गावाला स्वतः काही करता आले, ही बाब समाधानाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

कोरोना काळ :
१७ मार्च २०२० रोजी शिर्डीचे साईमंदिर दर्शनासाठी बंद झाले व १६ नोव्हेंबरला उघडले. भाविकांवर अवलंबून असलेले फुलविक्रेते, दुकानदार व लॉजचालक यांच्यावर त्याचा थेट आघात झाला. एप्रिल २०२१ मध्ये मंदिर पुन्हा बंद झाले. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी राज्यातील मंदिरे उघडली, तेव्हा जिल्ह्यातील ६१ गावांत मात्र टाळेबंदी चालू होती. एकाच जिल्ह्यात दिलासा आणि निराशा अशा रीतीने शेजारी नांदत होती.

याच काळात हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली तपासणी, विलगीकरण व स्वयंसेवक पथके यांच्या साहाय्याने मे २०२१ मध्ये गाव कोरोनामुक्त केले. निर्बंध येथेही होते. परंतु ते गावाने स्वीकारलेले होते. दुष्काळाशी झुंजताना १९९० च्या दशकापासून जडलेली श्रमदानाची व सामूहिक निर्णयाची सवय येथे उपयोगी पडली. जून २०२१ मध्ये राज्य शासनाने ‘कोरोनामुक्त गाव’ स्पर्धा जाहीर केली.

जागतिक पातळीवरही २०२० मध्ये जीवनमूल्यमापनाची सरासरी फारशी ढळली नाही. जागतिक आनंद अहवाल २०२२ नुसार, २०२१ मध्ये परोपकारी वर्तन साथपूर्व काळापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक होते.

निष्कर्ष :
साथीच्या काळात भय, रोजगारनाश व वियोग यांमुळे समाधान घटते, हे उघड आहे. परंतु ते कितपत टिकते, हे केवळ रोगाच्या तीव्रतेवर अवलंबून नसते. निर्बंध लादले गेल्यास असंतोष वाढतो. निर्णयात सहभाग मिळाल्यास तेच निर्बंध सुसह्य होतात. म्हणून साथनियंत्रणाच्या नियोजनात ग्रामसभेला स्थान देणे आवश्यक ठरते. शिर्डीच्या जात्यामागे व हिवरे बाजारच्या पथकांमागे शास्त्र भिन्न असले, तरी आपले गाव आपणच सांभाळायचे ही भावना एकच होती.