घोंगडे

घोंगडे : दख्खनी मेंढीच्या भरड लोकरीचे, हातमागावर विणलेले जाड पांघरूण व कामाचे बाह्यवस्त्र. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि लगतच्या बेळगाव-विजापूर भागांतील मेंढपाळ व शेतकरी ते ऊन, वारा, पाऊस आणि थंडी यांत अंगावर घेऊन काम करतात. बोलीत घोंगडं, सीमेपलीकडे कानडी मुलखात कंबळी. साधारण आठ-नऊ फूट लांब आणि चार-पाच फूट रुंद असे हे वस्त्र दोन ते चार किलो भरते. त्याला बाह्या, गुंड्या किंवा खिसे नसतात. तरी अंगात बंडी किंवा कोपरी आणि वरून घोंगडे हाच या भागातील उघड्यावर राबणाऱ्या माणसाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा पोशाख होता. अनातोलियातील मेंढपाळांचा केपेनेक आणि कॉकेशसमधील बुरका ही याच गरजेतून आलेली वस्त्रे. मात्र ती लोकर न विणता दाबून, थापून केलेली असतात.

लोकर : दख्खनी मेंढी मुख्यतः काळी, काटक आणि कोरड्या माळरानाला सरावलेली. तिची लोकर आखूड, जाड व केसाळ असते. तलम कापडाला ती निरुपयोगी. वर्षातून साधारण दोनदा कातरणी होते. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. ती मऊ असते आणि एका कोकरापासून थोडीच निघते, म्हणून जावळाचे घोंगडे सर्वांत महाग. काळा, पांढरा, करडा हे रंग मेंढीच्या अंगचेच असल्याने रंगवण्याची गरज पडत नाही.

भरडपणा हाच या लोकरीचा कामातला गुण आहे. जाड केसांवरून पावसाचे थेंब ओघळून जातात आणि लोकरीतील नैसर्गिक स्निग्धांश त्याला मदत करतो. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही हाताला फारशी ओली लागत नाही. ठिणगी पडली तर ती जळते, पण सहसा भडकत नाही आणि कृत्रिम धाग्यासारखी वितळून कातडीला चिकटत नाही. मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. तासन्‌तास पाऊस लागला की घोंगडे पाणी पिते, दुपटी-तिपटीने जड होते आणि पावसाळी हवेत वाळायला दिवस घेते.

विणकाम : मेंढ्या धनगरांच्या आणि माग सणगरांचे, अशी या भागातील ढोबळ विभागणी. धनगरांपैकी खुटेकर हेही परंपरेने विणकर आहेत. कातरलेली लोकर निवडून पिंजतात आणि तिचे सूत काततात; कातण्याचे काम बहुतांशी बायकांचे. ताण्याच्या सुताला चिंचोक्याची खळ कुंच्याने लावून वाळवतात. भरड सूत तुटू नये आणि त्याची केसाळ टोके बसावीत यासाठी ही खळ लागते. नवे घोंगडे ताठ असते ते तिच्यामुळेच. विणकर खड्डामागावर बसून वाणा ठोकून घट्ट बसवतो.

कोल्हापूर जिल्ह्यात या धंद्याची कोंडी हातकणंगले तालुक्यात नीट दिसते. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे ते गाव सुती कापडाचे मोठे केंद्र झाले. त्याच तालुक्यातील पट्टणकोडोली हे धनगरांच्या विठ्ठल-बिरदेवाचे ठाणे; दसरा-दिवाळीच्या दरम्यान भरणाऱ्या तिथल्या यात्रेत भंडारा-खोबऱ्याबरोबर लोकरही उधळतात. सुती धागा यंत्रावर गेला, पण हातकताईचे आखूड लोकरी सूत यंत्रमागाचा वेग सोसत नाही. घोंगडे खड्डामागावरच राहिले आणि त्याची मजुरी गिरणीच्या मालाशी स्पर्धा करू शकली नाही.

वापर : कोल्हापूर जिल्ह्यात पावसाचे मान टोकाचे बदलते. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर पूर्वेला शिरोळकडे पाचशेच्या आसपास. सततच्या चिखलात मेंढ्यांचे खूर कुजतात, म्हणून कळप कोरड्या माळाच्या आश्रयाने फिरतात. पिके निघाल्यावर शेतकरी खतासाठी मेंढरे रानात बसवून घेतो. कळपाभोवती वाघर (जाळीचे कुंपण) लावून मेंढका तिथेच उघड्यावर झोपतो. त्याचे अंथरूण, पांघरूण आणि आडोसा घोंगड्याचाच.

पावसात घोंगड्याची खोळ करतात. एका टोकाची कड मध्यावर दुमडून दाभणाने टाचली की टोपडे होते. ते डोक्यावर घेतले की उरलेले वस्त्र पाठीवरून पोटऱ्यांपर्यंत उतरते आणि हात मोकळे राहतात. उभ्याने करायच्या कामाला, म्हणजे गुरे राखायला, बांधावर फिरायला किंवा हिवाळ्यात रात्रीच्या विजेवर उसाला पाणी पाजायला, खोळ सोयीची. भाताच्या रोपलावणीत दिवसभर वाकावे लागते. तिथे राधानगरी, गगनबावडा या बाजूला बांबूच्या कामट्या आणि पाने यांचे इरले वापरत, कारण ते वाकलेली पाठ पूर्ण झाकते आणि भिजून जड होत नाही.

ऱ्हास : पहिला घाव प्लास्टिकने घातला. खताच्या रिकाम्या पोत्याची किंवा मेणकापडाची खोळ जवळजवळ फुकट, हलकी आणि पाणी अजिबात न पिणारी. दुसरा बदल मेंढीतच झाला. मांसाला भाव आल्यावर मेंढपाळ जत भागातील उंच, झपाट्याने वाढणाऱ्या माडग्याळ मेंढीकडे वळले. तिच्या अंगावर लोकर नावालाच असते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनी जातीत आणला, तोही मांसोत्पादन वाढावे म्हणून. भरड लोकरीला मिळणारा भाव कातरणीच्या मजुरीलाही पुरेना, तेव्हा ती टाकून देण्याची वेळ आली. थंडीसाठी पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटांनी जागा घेतली. आज घोंगड्याला गिऱ्हाईक आहे ते बरेचसे जागरणात, देवकार्यात, बैठकीला आणि शहरांतील हौशी घरांत; त्याच कापडाची जाकिटे, आसने आणि पिशव्याही शिवल्या जातात.

निवड : आधी काम ठरवावे. रानात वापरायला घट्ट विणीचे, जाड, काळे किंवा करडे घोंगडे घ्यावे; मळ दिसत नाही आणि वारा अडतो. अंगाला लागून पांघरायचे असेल तर जावळाचे किंवा जावळ मिसळलेले. नुसते आसन हवे असेल तर जाड सूत चालते, कारण टोचण्याचा प्रश्न येत नाही. खोळीसाठी लांबी स्वतःच्या अंगावर धरून पाहावी : टोपडे दुमडूनही कड पोटरीपर्यंत आली पाहिजे.

लोकरीची खात्री काठावरचा एक धागा जाळून होते. लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि राख चिमटीत चुरडते; ॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. काळे घोंगडे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासावे. फडके काळे झाले तर रंग वरून दिलेला आहे. अस्सल काळ्यात तपकिरी आणि पांढरे केस मिसळलेले दिसतात. वस्त्र उजेडासमोर धरून वीण सगळीकडे सारखी आहे का, काठ सरळ आहेत का, कसरीची भोके नाहीत ना, हे पाहावे. पाण्याचे चार थेंब टाकले तर चांगल्या घोंगड्यावर ते काही वेळ ठरतात. ताठपणा हा दोष समजू नये; खळ उतरली की वस्त्र मऊ पडते.

काही कामांना घोंगडे घेऊ नये. कडबाकुट्टी, मळणी यंत्र, उसाचा चरक अशा फिरत्या यंत्रांजवळ कोणतेही सैल पांघरूण धोक्याचे. कीटकनाशक फवारताना लोकर औषध शोषून धरते. दिवसभराच्या झडीत प्लास्टिकचे आवरणच बरे. थंडी असेल तर त्याच्या आत लोकर घालावी. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत वितळलेल्या धातूजवळ कामगाराला त्या कामासाठीच केलेले, अंगाबरोबर बसणारे अग्निरोधक कपडे व चामडी ॲप्रन लागतात. लोकर सहज पेटत नसली तरी घोंगडे त्यांची जागा घेऊ शकत नाही.

निगा : घोंगडे वरचेवर धुवू नये, झटकून उन्हात टाकावे. धुवायचेच तर थंड पाण्यात रिठ्याने. गरम पाण्यात आणि यंत्रात लोकर आटून गठ्ठा होते. पिळू नये, आडवे पसरून वाळवावे, कारण ओले घोंगडे दोरीवर टांगले की स्वतःच्या वजनाने ताणते. पूर्ण वाळल्यावरच कडुलिंबाचा पाला घालून घडी ठेवावी आणि पावसाळा सरला की पुन्हा ऊन दाखवावे. उसवलेला काठ लगेच लोकरी सुताने टाचला तर रोजच्या वापरातले घोंगडेही अनेक वर्षे टिकते.