चिंध्यांतून वस्त्र विणणारें नगर

इटलीचें नांव निघतांच आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढें रोम, व्हेनिस, फ्लॉरेन्स हीं नगरें उभीं राहतात, आणि तें साहजिकहि आहे. परंतु फ्लॉरेन्सच्या वायव्येस अवघ्या पांचसहा कोसांवर, बिसेंझिओ नदीच्या कांठीं वसलेलें प्रातो हें शहर आपल्याकडे फारसें कोणाच्या कानांवर नसतें. राजेरजवाड्यांच्या इतिहासापेक्षां मागांचा व हिशेबाच्या वह्यांचा इतिहास कधीं कधीं अधिक बोधप्रद ठरतो, असें वाटल्यावरून आम्ही या शहराची हकीकत येथें थोडक्यांत देत आहों.

मध्ययुगांत नदीस बंधारा घालून तिचें पाणी पाटांनीं शहरांत व भोंवतालच्या शिवारांत खेळविलें होतें. त्या पाण्यावर चालणाऱ्या लांकडी घणांखालीं लोकरीचें ओलें कापड कुटून तें दाट व टिकाऊ करीत. शहराच्या सुबत्तेचें मूळ या पाण्यांत आहे.

या व्यापाराचा प्रसिद्ध पुरुष म्हणजे फ्रांचेस्को दातीनी. १३४८ च्या प्लेगांत त्याचे आईबाप गेले. पोरका मुलगा दक्षिण फ्रान्सांतील आव्हीन्यों येथें नशीब काढावयास गेला, व सुमारें तीस वर्षांनीं गबर होऊन घरीं परतला. पुढें पिसा, जिनोआ, बार्सिलोना इत्यादि ठिकाणीं त्याच्या पेढ्या झाल्या. आपल्याकडे खतावणीवर 'श्री' घालतात, तसें त्याच्या वह्यांच्या आरंभीं देवाचें नांव असे. मात्र त्याला लागूनच नफ्याचेंहि असे! त्याला औरस संतति नव्हती. १४१० सालीं मरतांना त्यानें बहुतेक सारी संपत्ति गोरगरिबांच्या निधीस दिली. त्याचा सुमारें दीड लक्ष पत्रांचा संग्रह १८७० सालीं त्याच्याच वाड्यांत, एका जिन्याखालीं सांपडला. लोकरीच्या भावापासून नवराबायकोच्या कुरबुरीपर्यंत सारें कांहीं त्यांत असल्यामुळें, त्या काळच्या व्यापारी जीवनाची माहिती देणारें दुसरें इतकें समृद्ध साधन युरोपांत क्वचितच आढळेल.

१५१२ सालीं स्पॅनिश फौजेनें शहर लुटलें व हजारों नागरिक कापून काढले. त्या आघातानंतर शहराचें पूर्वीचें वैभव ओसरलें. उद्योगाला नवा बहर आला तो एकोणिसाव्या शतकांत, आणि तोहि चिंध्यांच्या आधारानें!

लोकरी चिंध्यांपासून पुन्हा सूत काढण्याची युक्ति इंग्लंडांतील यॉर्कशायरांत १८१३ च्या सुमारास निघाली. प्रातोनें ती उचलून आपलीशी केली. परदेशांतून जुन्या कपड्यांच्या गांसड्या येत. त्या निवडणाऱ्या कारागिरास 'चेंचायोलो' म्हणतात. नुसत्या स्पर्शानें तो लोकरीची प्रत ओळखी. गुंड्या, अस्तरें, शिवणी काढून, रंगवार ढीग लावून, आम्लाच्या साह्यानें कापसाचे धागे नाहींसे करीत. मग दातेरी यंत्रांत चिंध्या पिंजून त्यांचें सूत कातीत. रंग आधींच निवडलेला असल्यामुळें पुन्हा रंगविण्याचा खर्च बहुधा वांचे. १८८८ सालीं परकी भांडवलानें एक प्रचंड गिरणी उभी राहिली. लोकांनीं तिला 'फाब्रिकोने', म्हणजे 'थोरला कारखाना', असें नांव दिलें.

पण धाग्यांस असें जपणाऱ्या नगरांतील माणसांच्या वांट्यास काय आलें? मार्च १९४४ मध्यें इटलींतील फॅसिस्ट व जर्मन अमलाविरुद्ध झालेल्या मोठ्या संपांत येथील कामगार सामील झाले. त्यानंतरच्या धरपकडींत शंभराहून अधिक माणसें माउटहाउझेनच्या छळछावणीकडे धाडण्यांत आलीं. परतलीं तीं फारच थोडीं. ६ सप्टेंबर १९४४ रोजीं शहर मुक्त झालें. परंतु त्याच दिवशीं माघार घेणाऱ्या जर्मनांनीं जवळच्या फिलीने गांवीं २९ प्रतिकारसैनिकांस फांशी दिलें.

युद्धानंतर मोठ्या गिरण्यांनीं कामगार कमी केले, व पुष्कळांनीं जुने माग घेऊन घराच्या तळमजल्यावर मांडले. कोणी कातणारा, कोणी विणणारा, कोणी रंगारी, आणि या सर्वांस कामें वांटून देणारा 'इंपान्नातोरे', अशी लहान कारखान्यांची वीण तयार झाली. घरोघरीं समृद्धि आली. पण तिच्या पोटीं कुटुंबांतील सर्वांचे रात्रंदिवसाचे कष्ट होते. १९८० नंतरच्या दशकांत जुन्या पद्धतीच्या लोकरी कापडाची मागणी घटली. १९९० नंतर चीनमधील वेंझोउ भागांतून लोक येऊं लागले. ते मुख्यतः तयार कपडे शिवण्याच्या धंद्यांत शिरले. १ डिसेंबर २०१३ रोजीं अशा एका कारखान्यास आग लागली, आणि तेथेंच राहणारे सात चिनी कामगार प्राणांस मुकले. त्यानंतर प्रांतिक सरकारनें कारखान्यांची कसून तपासणी सुरू केली.

परक्यांना दोष देऊन या गोष्टीचा निकाल लावणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. राहण्याच्या जागींच राबणें, रात्रीचा दिवस करणें, स्वस्तांत माल देणें, हा मार्ग नवागतांच्याहि आधीं त्या शहरास परिचित होता. टाकलेल्या चिंधीचेंहि मोल ओळखणें ही प्रातोची थोर विद्या खरी; पण ज्या हातांनीं वस्त्र होतें त्या हातांचें मोल खतावणीच्या कोणत्या बाजूस मांडावयाचें, हा प्रश्न दातीनीच्या नगरास अद्याप सुटलेला नाहीं. स्वस्त कापड हौसेनें विकत घेणाऱ्या आपणां सर्वांसहि तो तितकाच लागू आहे.