शिकाऊ उमेदवार

आमचे आजोबा परळच्या एका गिरणीत रिंग खात्यात होते. रिंग खातं म्हणजे सूतकताई. पलीकडे साचेखातं, तिथे कापड विणलं जायचं आणि पगारही चांगला मिळायचा. त्या खात्यात आजोबांना सगळ्या नोकरीत पाऊल टाकता आलं नाही. का, ते आम्हाला हाताने करून दाखवायचे. कांडी संपली की विणकर नवी कांडी धोट्यात बसवणार आणि सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून तोंडाने ओढून घेणार. तोच धोटा पुढच्या पाळीत दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. म्हणून महाराने साच्यावर यायचं नाही. हा नियम कुठे लिहून ठेवलेला नव्हता. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, सांगेल तो नियम.

1928 च्या संपात बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न गिरणी कामगारांच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि साचेखातं अस्पृश्यांना खुलं करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत यावी, असा आग्रह धरला. आजोबा तेव्हा विशीच्या आत होते. ही हकीकत ते सांगायचे तेव्हा घरातले सगळे गप्प ऐकायचे, कारण ती आमच्या घरच्या पगाराची हकीकत होती.

गिरणीत काम शिकवायची शाळा नव्हती. नवा माणूस भावाच्या, मेव्हण्याच्या, गाववाल्याच्या शेजारी उभा राहायचा आणि बघत बघत शिकायचा. जॉबरला दस्तुरी दिली की बदलीचं काम मिळे. कोण काय शिकणार, हे कोणाला कोणाच्या शेजारी उभं राहू देतात यावर ठरायचं. सरकारने स्वतःच्या पैशाने कारागीर घडवावेत की नाही, असा वाद मी पुढे पुष्कळ ऐकला. ‘ज्याला माणूस हवा त्याने शिकवावा, सरकारला काय पडलंय?’ असं म्हणणारे मला दर वेळी भेटतात. त्यांना मला आजोबांचं साचेखातं सांगावंसं वाटतं. ज्याला माणूस हवा होता तो शिकवतच होता, फक्त आपल्याच माणसाला.

आजोबांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे धाकटे आजोबा, यांची वाट निराळी निघाली ती युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्याचे कारखाने आणि वर्कशॉप रात्रंदिवस चालू झाली आणि फिटर, टर्नर, वेल्डर मिळेनासे झाले. हिंदुस्थान सरकारने 1940 मध्ये तांत्रिक प्रशिक्षणाची योजना काढली आणि देशभर केंद्रं उघडली. शिवाय 1941 पासून काही तरुण कामगारांना इंग्लंडच्या कारखान्यांत शिकायला पाठवलं. तिथले मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावावरून त्यांना ‘बेव्हिन बॉइज’ म्हणत. जुलै 1942 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि हे सगळं प्रशिक्षण त्यांच्या खात्याकडे आलं. धोट्याचा प्रश्न ज्यांनी मांडला, त्यांच्याच टेबलावर आता कारागीर घडवण्याच्या फायली येत होत्या.

धाकटे आजोबा मुंबईतल्या अशाच एका केंद्रात फिटरचं काम शिकले. विलायतेला गेले नाहीत, पण त्यांच्या बोलण्यात ते केंद्र विलायतेइतकंच मोठं होतं. शिकण्याच्या काळात हातात पैसे पडत, हे त्यांना सुरुवातीला खरंच वाटेना. चाळीतल्या पोराला वर्षभर बिनपगारी शिकायला बसवायचं तर त्याच्या घरात चूल कशावर पेटणार? आणि दुसरी गोष्ट ते हमखास सांगत. पहिल्या दिवशी मास्तरांनी सगळ्यांना सारखंच लोखंड आणि सारखीच कानस दिली. जात विचारली नाही, गाव विचारलं नाही. ‘जॉब कोणाचा सरळ आलाय तेवढं बघायचे,’ हे त्यांचं वाक्य.

युद्ध संपलं तसं हे प्रशिक्षण आधी सैन्यातून सुटून आलेल्या जवानांसाठी वळवलं गेलं, फाळणीनंतर निर्वासितांसाठी. त्यातूनच 1950 मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना उभी राहिली. तिच्या संस्था म्हणजे आजच्या आयटीआय. 1956 मध्ये त्यांचा कारभार राज्यांकडे आला.

काका आयटीआयत गेले सत्तरच्या दशकात. त्यांचे पहिले काही आठवडे एमएसच्या, म्हणजे माइल्ड स्टीलच्या, एका तुकड्यावर कानस मारण्यात गेले. तुकडा व्हाइसमध्ये पकडायचा, दोन्ही पायांवर भार सारखा ठेवायचा आणि कानस पुढे जाताना दाबायची, मागे घेताना उचलायची. मग तुकडा खिडकीकडे धरून त्यावर गुण्या टेकवायचा. पोलाद आणि गुण्या यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा व्हाइस. काकांच्या हाताला फोड आले, फुटले आणि तिथे घट्टे पडले. सर काही बोलायचे नाहीत, फक्त उजेडाकडे बोट दाखवायचे. अजूनही काका नवीन दरवाजा बसवलेला बघतात तेव्हा आधी चौकटीच्या फटीतून येणारा उजेड बघतात.

त्यानंतर अप्रेंटिसशिप. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने ठरावीक उद्योगांवर उमेदवार घ्यायची सक्ती आणली, स्टायपेंड ठरवून दिला आणि अभ्यासक्रम लावून दिला. 1973 च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखल्या. ही दुरुस्ती आमच्या घरात वाढदिवसासारखी लक्षात आहे, कारण काका पुढच्याच भरतीत रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये लागले. तिथला त्यांचा उस्ताद सेटिंग करताना पाठ फिरवायचा. जुनी खोड होती ती, मशीनचं गुपित पोराला दिलं की आपली किंमत गेली असं वाटायचं. पण उमेदवाराची परीक्षा दिल्लीच्या मंडळाची, आणि पोर नापास झालं तर जाब उस्तादालाच द्यावा लागणार. महिन्या-दोन महिन्यांत उस्ताद वळला आणि शिकवायला लागला, तेव्हा मात्र त्याने काही हातचं राखलं नाही. काका आजही त्याचं नाव आदराने घेतात.

18 जानेवारी 1982 ला गिरण्या बंद पडल्या. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले आणि कितीतरी जणांना गिरणीत पुन्हा काम मिळालंच नाही. माझे वडील आजोबांच्या जागेवर रिंग खात्यात लागले होते. तुटलेलं सूत चालत्या रिंगवर जोडण्यात त्यांचा हात धरणारा माणूस त्या खात्यात नव्हता, पण गिरणीच्या फाटकाबाहेर त्या कसबाचा कागद कोणाकडेच नव्हता. वडील कुरिअरची पाकिटं वाटायला लागले. काकांकडे आयटीआयचं आणि अप्रेंटिसशिपचं अशी दोन सर्टिफिकेटं होती. पाच-सात वर्षं दोन्ही घरं त्यावरच चालली. दोघे भाऊ हुशारीत एकमेकांच्या तोडीस तोड. एकाचं शिक्षण सरकारने लिहून दिलं होतं, दुसऱ्याचं कोणीच लिहून दिलं नव्हतं. बिनकागदाच्या अनुभवाला परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देण्याची सोय केंद्राच्या कौशल्य योजनेत आली ती 2015 नंतर. गिरणीवाल्यांना तिचा काही उपयोग उरला नव्हता.

आता योजनांना तोटा नाही. 2016 पासून राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार स्टायपेंडचा चौथा हिस्सा, महिन्याला 1500 रुपयांपर्यंत, स्वतः उचलतं. 2019 च्या नियमांनुसार तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने कामगारसंख्येच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घ्यायचे आहेत. महाराष्ट्राने 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली: बारावी झालेल्याला 6000, आयटीआय किंवा पदविकेला 8000, पदवीधराला 10000 रुपये, सुरुवातीला सहा महिने. त्याच वर्षी जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करारही झाला.

हा पैसा मला कमी करायचा नाही, वाढवायचा आहे. सोलर बसवणारा, सीएनसी चालवणारा, इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी उघडून दुरुस्त करणारा, रुग्णालयातली यंत्रं सांभाळणारा, ही माणसं हवी आहेत आणि ती आपोआप तयार होणार नाहीत. पण नुसता स्टायपेंड दिला म्हणजे उमेदवार शिकला असं होत नाही. त्याच्या शेजारी उभा राहणारा माणूस कोण, हे कोणी विचारत नसेल तर कंपनीला स्वस्तात हात मिळतात आणि पोराला सहा महिन्यांनंतर पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं. युवा प्रशिक्षणातली पोरं मुदत संपल्यावर ‘आम्हाला कायम करा’ म्हणून आंदोलनाला बसली, त्यात मला त्यांचा आगाऊपणा दिसत नाही. सहा महिने कार्यालयात टेबलावर बसवून हातात कोणतंही कसब दिलं नसेल, तर मागायला ती जागा सोडून दुसरं राहतंच काय? उमेदवाराला नोकरी देण्याचं सरसकट बंधन मालकावर शिकाऊ उमेदवार कायद्याने कधीच घातलं नव्हतं. कसब देण्याचं घातलं होतं, आणि सरकारी पैशाचा हिशेब तिथेच मागायला हवा.

माझी पुतणी इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करून चाकणच्या बाजूला एका कारखान्यात अप्रेंटिस आहे. दिवाळीला घरी आली तेव्हा काकांनी विचारलं, ‘काय काय शिकलीस पोरी?’ ती म्हणाली, ‘आजोबा, लागल्यापासून एकाच स्टेशनवर आहे. चार बोल्ट घट्ट करायचे आणि गाडी पुढे ढकलायची.’ इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केलेल्या पोरीने लागल्यापासून वायर हातात धरलेली नव्हती. काका चिडले नाहीत. तिचा करार मागवून घेतला, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, ‘प्रत्येक उमेदवाराच्या प्रगतीची नोंद मालकाने ठेवायची असते, कायद्यातच आहे. ती वही दाखवा म्हणून अर्ज दे. भांडायचं नाही, फक्त वही मागायची.’ अर्ज दोघांनी मिळून लिहिला. तिच्याबरोबरच्या आणखी काही जणींनी त्यावर सह्या केल्या. आठवडाभर काही हललं नाही, मग एचआरने बोलावलं. आता त्या सगळ्या पाळीपाळीने मेंटेनन्समध्ये जातात. परवा तिचा रात्री फोन आला तो सरळ काकांसाठीच. मोटरच्या स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले सारखा ट्रिप होतोय, आधी काय तपासू, असं विचारत होती. काकांनी फोन स्पीकरवर टाकला, पेन्सिल मागितली आणि जेवण अर्धं टाकून सर्किट काढायला बसले.