फळमाशी आणि प्रयोगशाळेतील युक्त्यांची देवघेव

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील ज्या लहानशा खोलीत १९१० साली आनुवंशिकीतज्ज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांना पांढऱ्या डोळ्यांची फळमाशी सापडली, तेथे माश्या दुधाच्या बाटल्यांत कुस्करलेल्या केळ्यावर वाढवल्या जात आणि हातभिंगातून तपासल्या जात. पुढे मॉर्गन यांचे सहकारी कॅल्व्हिन ब्रिजेस यांनी दुनेत्री सूक्ष्मदर्शक वापरात आणला आणि मक्याचे पीठ, काकवी व अगर, म्हणजे समुद्रशेवाळापासून मिळणारा व थंड होताच थिजणारा पदार्थ, एकत्र शिजवून स्वस्त खाद्य रूढ केले. अशा युक्त्या शोधनिबंधांत क्वचितच मावत. त्या पत्रांतून व पाहुण्या संशोधकांबरोबर पसरत. १९३४ साली ब्रिजेस आणि आनुवंशिकीतज्ज्ञ मिलिस्लाव्ह डेमेरेक यांनी ‘ड्रोसोफिला इन्फर्मेशन सर्व्हिस’ (ड्रोसोफिला हे फळमाशीचे शास्त्रीय नाव) हे पत्रक सुरू करून या देवघेवीला कायमचे घर दिले. कोणत्या प्रयोगशाळेत माश्यांचे कोणते वाण आहेत याच्या याद्या, नव्या उत्परिवर्तनांची, म्हणजे आनुवंशिक बदलांची, नोंद आणि कामाच्या तंत्रावरील टिपा त्यात असत. मात्र लेखकाच्या संमतीवाचून तो मजकूर अन्यत्र वापरू नये, असा संकेत होता. श्रेय सुरक्षित राहिल्यामुळेच ज्ञान मोकळेपणाने वाटले गेले, हे या परंपरेचे मोल आहे.