प्लग खोलायचा कुणी? जुन्या पिकअपमधल्या एका लहान पार्टचा इतिहास

आज पिकाची नोंद नाही, यंत्राची आहे. आणि जरा लांबची आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

आपल्याकडं पिकअप म्हटलं की डिझेल. बाजार समितीत कांद्याच्या गोण्या घेऊन उभ्या असलेल्या गाड्यांची बोनेटं उघडत गेलात तर स्पार्क प्लग दिसायची मारामार. दिसलाच तर एखाद्या सीएनजीवाल्या छोट्या हत्तीत. प्लगशी आपली ओळख फवारणीच्या पंपाची, ग्रास कटरची, नाहीतर लुना आणि एम-एटीच्या जमान्यातली. पंप चालू होईना की प्लग काढायचा, पेट्रोलनं धुवायचा, पॉलिश पेपर मारायचा, बॉडीला टेकवून दोरी ओढायची आणि ठिणगी पडते का बघायची. हे शिकायला कुणी आयटीआयला गेलेलं नाही.

पण ज्या देशात पिकअप ही गाडी जन्मली, त्या अमेरिकेत ती बहुतांशी पेट्रोलवरच चालत आली. तिथला शेतकरी पिढ्यान् पिढ्या आपल्या गाडीचे प्लग गोठ्याच्या सावलीत स्वतः बदलत आला. आजही तिथं जुनी पिकअप घेणारा माणूस बोनेट उघडून आधी हेच बघतो की प्लगपर्यंत हात पोहोचतो का. या एवढ्याशा पार्टच्या इतिहासात मला रस वाटतो तो त्यामुळंच. मालकानं आपली गाडी किती खोलायची आणि मेकॅनिकनं किती, याची हद्द तिथं प्लगवरून आखली गेली, आणि ती हद्द सरकत गेली.

सुरुवात युरोपात झाली. १८६० साली एतियेन लन्वार यानं पॅरिसमध्ये गॅसवर चालणारं इंजिन केलं, त्यात विजेची ठिणगी होती. पण ती भरवशाची नव्हती. म्हणून पुढं डाइमलरनं ठिणगीचा नादच सोडला. सिलिंडरमध्ये एक नळी खुपसायची, ती बाहेरून बर्नरनं लालभडक करून ठेवायची, आत दाबलेला वायू तिला भिडला की पेट घेणार! म्हणजे पेट्रोलच्या गाडीत सतत पेटता दिवा. सुटका झाली ती १९०२ साली. श्टुटगार्टला रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरनं उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडून चालणारा प्लग तयार केला. मग इंजिन कितीही वेगानं फिरो, ठिणगी वेळेवर पडू लागली.

प्लगचं काम ऐकायला साधं. मधून धातूची काडी, तिच्याभोवती चिनी मातीचं कवच, बाहेरून आट्यांची लोखंडी बॉडी. टोकाला दोन धातूंमध्ये मिलिमीटरभराच्या आतबाहेर फट. हजारो व्होल्टचा दाब आला की वीज ती फट उडी मारून पार करते. पण त्या चिनी मातीचे हाल बघा. एका क्षणाला आग, दुसऱ्या क्षणाला गार पेट्रोलची वाफ, वरून विजेचा दाब, आणि हे मिनिटाला शेकडो वेळा. सुरुवातीचे प्लग तडकायचे ते यामुळं. पुढं कवच बदलत गेलं. टोलेडोच्या चॅम्पियन कंपनीनं तर कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समध्ये अँडलुसाइट नावाच्या खनिजाची स्वतःची खाण चालवली, फक्त प्लगच्या कवचासाठी. नंतर भट्टीत भाजलेलं अॅल्युमिना आलं, तेच आजतागायत चालू आहे.

चॅम्पियन हे नाव मात्र विजेतेपदावरून पडलेलं नाही, आडनावावरून पडलंय. अल्बेर शांपियाँ हा फ्रेंच सायकलपटू. १८९९ ची पॅरिस-रूबे शर्यत त्यानं जिंकली, मग अमेरिकेत गेला आणि १९०५ साली बॉस्टनला कंपनी काढली. भागीदारांशी फाटलं आणि कंपनीबरोबर नावही तिकडंच राहिलं. ते भागीदार म्हणजे स्ट्रॅनहन बंधू. त्यांनी कारखाना ओहायोतल्या टोलेडोला नेला, कारण तिथं विलीस-ओव्हरलँडचा मोटारींचा कारखाना होता. शांपियाँनं फ्लिंटला दुसरी कंपनी काढली; स्वतःचं नाव वापरता येईना म्हणून पुढं आद्याक्षरं वापरली, एसी. म्हणजे अमेरिकेच्या दुकानांत वर्षानुवर्षं एकमेकांशी भांडणारे दोन्ही प्लग एकाच माणसाचे.

आता शेतावर येऊ. फोर्डची मॉडेल टी १९०८ ला आली आणि १९२७ पर्यंत दीड कोटींच्या वर विकली गेली. शेतकऱ्यांनी तिचं काय काय केलं नाही! मागचं चाक जॅकवर उचलून त्यावर पट्टा चढवायचा आणि लाकूड कापायची करवत चालवायची. मागचा भाग कापून लाकडी पेटी ठोकायची आणि त्यात दूध, मका, डुकरं न्यायची. पिकअप आधी शेतकऱ्यानं आणि गावच्या सुतार-लोहारानं बनवली, कंपनीनं नंतर. १५ एप्रिल १९२५ रोजी फोर्डनं कारखान्यातून तयार पेटीसह ती विकायला काढली, किंमत २८१ डॉलर. पहिल्याच वर्षी सुमारे ३४ हजार गाड्या बनल्या.

या टी गाडीचे चार प्लग हेडवर उभे, उघड्यावर. आटे अर्धा इंची, निमुळते, आपल्या नळाच्या फिटिंगच्या जातीचे. फट सुमारे १/३२ इंच. चॅम्पियनचा एक्स नावाचा प्लग तर पूर्ण सुटा व्हायचा. वरचं नट काढलं की चिनी मातीचं कवच हातात, धुऊन परत बसवा. आणि कोणता सिलिंडर मिस मारतोय हे शोधायची पद्धत कंपनीच्याच पुस्तकात दिलेली होती. गाडीत चार कॉइली, प्रत्येकीवर मधमाशीसारखी गुणगुणणारी पत्ती. इंजिन चालू ठेवून दोन पत्त्या बोटांनी दाबून धरायच्या, म्हणजे ते दोन सिलिंडर बंद. उरलेले दोन नीट चालले तर दोष दाबलेल्यांत आहे. मग एकेक सोडत जायचं. हत्यार म्हणून फक्त बोटं आणि कान. दूरदूर विखुरलेल्या शेतांवर गाडी विकायची तर ती शेतकऱ्यालाच दुरुस्त करता आली पाहिजे, हे फोर्डला पक्कं ठाऊक होतं. यात कुणाचा मोठेपणा शोधायची गरज नाही, धंद्याचा हिशेब तसा होता.

जुन्या प्लगचं कौतुक करताना एक विसरू नये, ते टिकायचे नाहीत. तेल जळायचं, काजळी धरायची. १९२३ पासून पेट्रोलमध्ये शिसं मिसळायला लागले, त्यानं इंजिनाची ठकठक थांबली, पण प्लगवर शिशाची पुटं चढू लागली. दहा हजार मैलांच्या आसपास, म्हणजे सोळा हजार किलोमीटरला, प्लग बदलायचे, आणि मध्ये काढून साफ करायचे. पेट्रोल पंपांवर वाळूचा मारा करून प्लग घासायची यंत्रं असायची. महायुद्धात १९४२ पासून नागरी मोटारींचं उत्पादन बंद झालं, तेव्हा आहे त्या गाडीचं आहे ते इंजिन जपणं हाच पर्याय होता.

त्याच युद्धात टोलेडोच्या विलीस कारखान्यातून जीप निघाली. तिच्याही इंजिनाचे चार प्लग हेडवर उभे, टी गाडीसारखेच हाताशी. युद्ध संपल्यावर हीच विलीस जीप सुट्या भागांत मुंबईला येऊ लागली आणि महिंद्रानं माझगावला तिची जुळणी सुरू केली. आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींचा पेट्रोल जीपवर हात बसला तो असा. प्लगही पुढं इथंच बनू लागले; बॉशच्या साथीनं १९५१ साली बंगळूरला मायको उभी राहिली. मग जीपमध्ये डिझेल इंजिनं आली, आणि आपल्या मालगाड्यांपुरता प्लगचा विषय जवळपास मिटला.

अमेरिकेत तो चालूच राहिला. १९५५ साली शेवरलेचं छोटं व्ही-आठ इंजिन आलं. ताकद भरपूर, पण प्लग खाली बाजूला, एक्झॉस्टच्या शेजारी. हात भाजायचे. म्हणून कामाची पिकअप घेणारे पुष्कळ जण साध्या सरळ सहा सिलिंडरवर खूश असत. फोर्डचं ३०० घनइंची सहा सिलिंडर इंजिन १९६५ ते १९९६ इतकी वर्षं चाललं. त्याचे सहाही प्लग एका ओळीत, एका बाजूला. जुनी पिकअप आणि घरचं काम म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर हेच इंजिन येतं.

त्याचं काम कसं चालतं ते सांगतो, कारण आपल्या पंपाला आणि सीएनजी गाडीलाही यातलं बरंच लागू आहे. इंजिन पूर्ण गार. प्लगभोवतीची माती आधी हवा मारून उडवायची, नाहीतर प्लग निघताच ती आत पडते. वायर ओढायची नाही. टोपी धरून पिळायची आणि मग काढायची. एका वेळी एकच प्लग, म्हणजे वायरींची अदलाबदल होत नाही. व्ही-आठला तर ठिणगीचा क्रम इतका वाकडा (शेवरलेचा १-८-४-३-६-५-७-२) की फोर्डनं आपल्या काही इंजिनांवर तो क्रम ओतकामातच उमटवून ठेवला होता. काढलेले प्लग पुठ्ठ्यावर सिलिंडरच्या नंबरानं मांडायचे आणि वाचायचे. बिस्किटी तपकिरी असेल तर तब्येत ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. ओला तेलकट म्हणजे रिंगा नाहीतर व्हॉल्व्हचे सील गेलेत. पांढरा फटक, फोड आलेला म्हणजे इंजिन जास्त तापतंय. सहापैकी एकच वेगळा दिसला तर दोष त्या सिलिंडरचा, सगळे सारखेच काळे असतील तर कार्बोरेटर बघा. डॉक्टरनं जीभ बघावी तसं हे आहे.

नवा प्लग हातानंच लावायचा. रबरी नळीचा तुकडा त्याच्या डोक्यावर चढवून फिरवला तर उत्तम. आटा चुकला तर नळी निसटते, आटे वाचतात. हातानं टेकला की मग पाना. वॉशरवाल्या नव्या प्लगला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, निमुळत्या बुडाच्या प्लगला फक्त एक षोडशांश. आणि आटे सारखे आहेत म्हणून कुठलाही प्लग लावू नका. लांबी जास्त असेल तर पिस्टनला ठोकर बसते, आणि प्लग गरम जातीचा की थंड जातीचा तेही जुळलं पाहिजे. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर राहिलं तर काजळी स्वतःच जळून जाते, पण फारच तापलं तर ठिणगीआधीच पेट्रोल पेटतं आणि पिस्टनला भोक पडतं.

१९७५ च्या सुमारास पॉइंट गेले, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं. धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रासाठी बिनशिशाचं पेट्रोल आलं (आपल्याकडं देशभर ते २००० साली). प्लग स्वच्छ राहू लागले. टोकाला प्लॅटिनम लागलं आणि १९९० च्या दशकात कंपन्या सांगू लागल्या, एक लाख मैल प्लगकडं बघू नका. एक लाख मैल म्हणजे एक लाख साठ हजार किलोमीटर. शेतकऱ्याचा खर्च वाचला, वेळ वाचला, हे खरंच आहे. पण जो पार्ट दहा वर्षं उघडायचाच नाही, तो हाताशी ठेवायची गरज इंजिन बनवणाऱ्याला राहिली नाही. आणि लोखंडाचा प्लग अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये दहा वर्षं बसून राहिला की तो तिथला रहिवासी होतो.

याचा कळस फोर्डच्या ५.४ लिटर ट्रायटन इंजिनात झाला. आधीच्या दोन व्हॉल्व्हवाल्या हेडला प्लगसाठी आटे इतके थोडे की प्लग चालत्या गाडीत बाहेर उडायचे. मग २००४ च्या एफ-१५० मध्ये तीन व्हॉल्व्हचं हेड आलं, तर उलटंच झालं, प्लग निघेनात. खोल विहिरीत बसवलेला लांब प्लग, त्याचं खालचं आवरण वेगळ्या तुकड्याचं, दाबून बसवलेलं. त्या आवरणाभोवती कार्बन साचून ते हेडला चिकटायचं. पाना लावला की वरचा भाग हातात, खालचा हेडमध्येच. आठ प्लगांपैकी किती तुटतील सांगता येत नसे. शेवटी कंपनीलाच आपल्या गॅरेजांसाठी कृती काढावी लागली. इंजिन गार ठेवा, प्लग अष्टमांश ते पाव फेरा सैल करा, कार्बोरेटर क्लीनर ओता, निदान पंधरा मिनिटं थांबा, मग पुढं-मागं हलवत हळूहळू सोडवा. तुटलेला तुकडा ओढून काढायची खास हत्यारं बाजारात आली आणि खपली. ज्या कंपनीनं टी गाडीबरोबर बोटांनी दोष शोधायची पद्धत छापून दिली, तिच्याच पिकअपला ऐंशी वर्षांनी प्लग काढायला ही कसरत.

२००८ नंतर हेड आणि प्लग दोन्ही बदलले आणि तो त्रास संपला. पण २००४ ते २००८ मधल्या त्या पिकअप अजून शेतांवर धावतात, हात बदलून विकल्या जातात. अशी जुनी गाडी घेताना तिथला जाणता माणूस टायर आणि पेटीचा गंज बघायच्या आधी एकच विचारतो, प्लग बदललेत का, आणि बदलले तर निघताना किती तुटले.