तळटीप १४ : पुलोद

१४. पुलोद : पुरोगामी लोकशाही दल. शरद पवार यांच्या नेतृत्वाखालील हे आघाडी सरकार १८ जुलै १९७८ रोजी आले आणि फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाले. लेखकाने आष्ट्याच्या बाजारातल्या गप्पांत ज्या ‘लाल बावट्याच्या मंत्र्याचा’ उल्लेख केला आहे, ते याच वाळवे तालुक्यातल्या ढवळीचे प्रा. एन. डी. पाटील (१९२९–२०२२), पुलोदचे सहकारमंत्री. त्यांचा शेतकरी कामगार पक्ष १९४७-४८ मध्ये काँग्रेसमधून फुटून निघाला. १९५० च्या दाभाडी प्रबंधात त्याने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. त्यानंतर पक्षाला गळती लागली. केशवराव जेधे १९५४ मध्ये काँग्रेसमध्ये परतले, तर क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट पक्षात गेले. क्रांतीची भाषा करणारे उरलेले लोक १९७८ मध्ये जुन्या काँग्रेसवाल्यांच्या आणि जनता पक्षात विलीन झालेल्या जनसंघीयांच्या शेजारी मंत्रिमंडळात बसले. त्यातही वाट्याला आले ते सहकार खाते, म्हणजे ज्या साखर कारखान्यांशी ऊसदरावरून भांडायचे, त्यांच्याच कारभारावर देखरेख! मूळ मजकुरातला उपरोध याला धरून आहे. तो पक्षाला लागू पडतो. पाटलांना मात्र पुरता लागू पडत नाही, कारण मंत्रिपद गेल्यावरही ते एन्रॉन, सेझ आणि कोल्हापूरचा टोल यांविरुद्ध रस्त्यावरच होते. त्यांच्याच पक्षाचे गणपतराव देशमुख १९७८ प्रमाणे १९९९ मध्येही मंत्री झाले. त्या वेळी सरकार काँग्रेस आघाडीचे होते.